रविवारची रात्र पुरत नसेल तर : पतसंस्थेच्या डेटाबेसचा मेंटेनन्स कसा लावावा

निपाणी भागातल्या एका तरुणाने विचारलं आहे. एका बहुराज्य पतसंस्थेचं संगणकाचं सगळं काम तो एकटा बघतो. १४ शाखा आहेत. ९ कर्नाटकात, निपाणी-चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात, आणि ५ पलीकडे कागल-गडहिंग्लज बाजूला. डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड एडिशनवर, साधारण ९० जीबी. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी जाताना एक मेंटेनन्स प्लॅन लावून दिला. रविवारी रात्री ११ वाजता आधी बॅकअप, मग तपासणी, मग सगळ्या इंडेक्सचं (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचींचं) रिबिल्ड, म्हणजे नव्याने बांधणी, मग स्टॅटिस्टिक्स आणि शेवटी श्रिंक, म्हणजे फाइल आवळून लहान करणं. पहिल्या वर्षी हे सगळं रात्री २ पर्यंत आटपायचं. आता सोमवारी १० वाजता शाखा उघडली तरी चालूच असतं. काउंटरवर व्हाऊचर पास होत नाही, पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणाऱ्या एजंटांचं ॲप नुसतं फिरत राहतं. गेल्या महिन्यात त्याने साडेनऊला जॉब मारून टाकला, तर उलट आणखी पाऊण तास सगळं अडकलं. मॅनेजर म्हणाले, "हे बंदच करून टाका." आणि याचा प्रश्न असा की, आठवड्यातली नेमकी कोणती वेळ धरावी म्हणजे कुणालाच त्रास होणार नाही?

मी बेळगावात राहून १८ वर्षं हेच काम करतो. पतसंस्था जास्त, त्याशिवाय दोन दूध संकलन करणाऱ्या संस्था आणि एक साखर कारखाना. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं, 'बुधवारी रात्री दीड वाजता' वगैरे. पण ते उत्तर सहा महिने टिकेल, मग डेटा वाढेल आणि तुम्ही पुन्हा इथेच येऊन उभे राहाल. पहिल्या वर्षी रात्री २ ला संपणारं काम सकाळी १० पर्यंत गेलं, ते वेळ चुकीची होती म्हणून गेलं नाही. पाच वेगळ्या स्वभावाची कामं एकाच दोरीत बांधली आहेत, म्हणून गेलं. त्यातल्या एका कामाला टेबलाला, म्हणजे नोंदींच्या तक्त्याला, कुलूप (लॉक) लावावं लागतं, बाकीच्यांना लागत नाही. एक काम तर करायचंच नसतं. ही दोरी आधी सोडवू, वेळेचं मग बघू.

तुमचं काउंटर अडकवतं ते रिबिल्ड. स्टँडर्ड एडिशनमध्ये इंडेक्सचं रिबिल्ड ऑफलाइन होतं. लोक काम करत असताना चालणारं ऑनलाइन रिबिल्ड फक्त एंटरप्राइझ एडिशनमध्ये मिळतं. ऑफलाइन म्हणजे ज्या टेबलाचा इंडेक्स बांधायला घेतला ते टेबल काम संपेपर्यंत पूर्ण बंद. लिहिणं तर नाहीच, नुसती शिल्लक बघायची म्हटली तरी थांबावं लागतं. बऱ्याच सॉफ्टवेअरवाल्यांनी रिपोर्टांमध्ये 'नोलॉक' (कुलूप न बघता वाच) लिहिलेलं असतं आणि 'आमचा रिपोर्ट कधी अडकत नाही' असं ते छातीठोक सांगतात. या कुलपापुढे नोलॉकही थांबतं. तुमचं व्हाऊचरचं टेबल सगळ्यात मोठं, त्यामुळे त्याची पाळी आली की १४ च्या १४ शाखा एकदम गप्प.

आणि साडेनऊला जॉब मारला तेव्हा काय झालं? अर्धवट रिबिल्ड तसंच सोडून देता येत नाही. सर्व्हर केलेलं सगळं मागे घेतो, आणि ते पूर्ण होईपर्यंत कुलूप सुटत नाही. पाच तासांचं काम वाया आणि वर पाऊण तासाची शिक्षा. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण यापुढे एक धरून चाला : मधेच थांबवता येत नाही असं काम शाखा उघडायच्या जवळ नेऊच नका.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं तिथून आलं आहे. बरीच वर्षं झाली. एका कारखान्याचं काम नवीन घेतलं होतं. जानेवारी, गाळप हंगाम ऐन भरात. ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होतं, हे बघून मी वजनाच्या पावत्यांच्या टेबलाचं रिबिल्ड रात्री २ ला लावलं. ऑफिसात बसून ठरवलं होतं. काट्यावर एकदाही रात्री गेलो नव्हतो.

सव्वादोनला फोन आला. "सर, काटा अडकलाय. ट्रॉल्या रस्त्यापातूर लागल्यात, बैलगाड्याबी हाईत." मी मोटरसायकल काढून गेलो. खिडकीत कारकून जुन्या वहीत कार्बन घालून गाडीचा नंबर आणि भरलेलं वजन हाताने लिहीत होता. ऊस टाकून रिकामी परत आलेली गाडी काट्यावर चढली की तो वहीची पानं मागे उलटून तिचं भरलेलं वजन शोधायचा, मग वजाबाकी. बाहेर दव पडलं होतं, बैल जुवालाच होते, गाडीवान पाचटाची शेकोटी करून बसले होते. ३८ मिनिटं काटा संगणकाविना चालला. त्या ३८ मिनिटांच्या पावत्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सिस्टिमवर चढवल्या, आणि त्यात एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर गेलं. ते आम्हाला सापडलं नाही. तो माणूस तीन दिवसांनी हातात चिठ्ठी घेऊन स्वतः आला तेव्हा कळलं. दोन टनांचा फरक होता. त्याच्या घरचं वर्षभराचं गणित त्या चिठ्ठीवर होतं. तो न येता तर आम्हाला कधीच कळलं नसतं, हे मला आजही लागतं.

तेव्हापासून शांत वेळ घड्याळ बघून ठरवायची नाही, मोजून ठरवायची, असं मी ठरवलं. मोजणं अवघड नाही. व्हाऊचरच्या टेबलात नोंद कधी झाली ती वेळ असतेच. मागच्या पूर्ण वर्षाच्या नोंदी घ्या आणि वार आणि तास असे गट पाडून मोजा. वर्षापेक्षा कमी घेऊ नका. एक मार्चअखेर, एक दिवाळी आणि एक ऊस हंगाम त्यात यायलाच हवा. ७ वार गुणिले २४ तास, १६८ चौकोन होतात. ते एक्सेलमध्ये टाकून जास्त आकड्यांना रंग भरा. पाच मिनिटांत तुमच्या संस्थेचा आठवडा डोळ्यांसमोर येतो, आणि मॅनेजरांना दाखवायलाही हाच कागद चालतो.

आपल्या भागात या कागदावर काय दिसतं ते सांगतो. तुमच्याकडे थोडं वेगळं असेल, पण या जागा नक्की तपासा.

पहिलं पिग्मी. ही पद्धत मूळची कर्नाटकातलीच. सिंडिकेट बँकेने, म्हणजे तेव्हाच्या उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, १९२८ साली सुरू केली. आज तिचं काम मोबाईलवर चालतं, पण एजंटाचा दिवस तोच आहे. दुकानांची शटरं खाली यायच्या वेळी वसुली, मग घर, जेवण, आणि दहा-साडेदहाला निवांत बसून दिवसाचा डेटा पाठवणं. एका संस्थेत मी बघितलं, रात्री १० ते ११ हा तास सकाळी ११ ते १२ इतकाच भरलेला होता. फरक एवढाच की समोर माणूस उभा नसतो, म्हणून ऑफिसला ती गर्दी दिसत नाही. तुमचा ११ चा जॉब या गर्दीच्या शेपटीवर पाय देतो.

दुसरं, माणसं नसलेले वापरकर्ते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. तुमच्या संस्थेच्या नोंदी प्रायोजक बँकेमार्फत येत असतील, तर त्या रात्री ३ लाही येतात. एसएमएस पाठवणारी सेवा, दिवसअखेरीचा जॉब, व्याज आकारणीचा जॉब हेही वापरकर्तेच. यांची यादी कागदावर करा. माझ्या अनुभवात मेंटेनन्स रात्री लांबण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दिवसअखेर आणि मेंटेनन्स एकमेकांची वाट बघत बसलेले असतात.

तिसरं, सुट्ट्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना शाखा असणाऱ्यांनी 'सुट्टीच्या दिवशी उरकून घेऊ' हा विचार सोडून द्यावा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी म्हणून निपाणी-चिकोडीच्या शाखा बंद, पण गडहिंग्लजला काउंटर चालू. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी पलीकडे, अलीकडे कामकाज. मी एकदा १ नोव्हेंबर बघून दुपारी १२ ला काम लावणार होतो. पलीकडच्या शाखेतल्या कॅशियर ताईंनी सहज फोनवर सांगितलं, "आमच्याकडे सुट्टी नाही हो सर," म्हणून वाचलो.

चौथं, ऊसबिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची असते. प्रत्यक्षात कारखान्यागणिक पुढेमागे होतं, पण ज्या दिवशी बिलं जमा होतात त्या दिवशी तुमच्या शाखांसमोर रांग असते, आणि त्याच रात्री कर्जवसुलीच्या नोंदी घाऊक पडतात. तसंच मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांची पैसे काढायची घाई, दिवाळीचा आठवडा, मार्चअखेर, सप्टेंबरअखेर. या तारखा कॅलेंडरवर लाल करा आणि त्या दिवशी कुलूप लावणारं कुठलंच काम लावू नका. बॅकअप मात्र कधीच थांबवायचा नाही.

आणि 'रात्र म्हणजे शांत' हे किती खोटं असू शकतं त्याचं माझं आवडतं उदाहरण दूध संकलनाचं आहे. तिथे पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी तसंच. रात्री टँकर आणि फॅटचे हिशेब चढतात. मोजून बघितलं तर सगळ्यात मोकळा वेळ दुपारी दीड ते तीन निघाला. आज सात वर्षं त्या डेटाबेसचा मेंटेनन्स मी भर दुपारी करतो, जागा राहून, जेवण झाल्यावर. काही बिघडलंच तर विचारायला माणसं हजर असतात.

आता ती पाच कामं एकेक.

बॅकअप. याला कुलूप लागत नाही, लोक काम करत असताना घेता येतो. डिस्कवर ताण येतो एवढंच. त्यामुळे रविवारची वाट बघू नका. पूर्ण बॅकअप रोज रात्री, किंवा ९० जीबी रोज जड जात असेल तर आठवड्यातून एकदा आणि बाकीच्या रात्री डिफरन्शियल, म्हणजे मागच्या पूर्ण बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. लॉगचा, म्हणजे प्रत्येक बदल टिपणाऱ्या फाइलचा, बॅकअप दर १५ मिनिटांनी, दिवसासुद्धा. डेटाबेस फुल रिकव्हरीवर (लॉगचा बॅकअप होईपर्यंत लॉग जपणाऱ्या सेटिंगवर) असून लॉग बॅकअप नसेल तर लॉग फाइल वाढतच जाते, आणि मग 'डिस्क भरली' म्हणून कुणीतरी श्रिंक लावतं. तुमच्या प्लॅनमध्ये श्रिंक आलं ते बहुतेक याच वाटेने. अजून एक, मोठं रिबिल्ड करायचं त्या आठवड्यात ते आधी करा आणि पूर्ण बॅकअप त्याच्या मागून घ्या. उलटं केलं तर रिबिल्डने हलवलेली सगळी पानं (फाइलमधले डेटाचे छोटे तुकडे) पुढच्या डिफरन्शियलमध्ये येतात आणि तो पूर्ण बॅकअपएवढा फुगतो.

तपासणी, म्हणजे चेकडीबी. ही स्वतःचा आतला स्नॅपशॉट (त्या क्षणाचं डेटाचं चित्र) घेऊन त्यावर चालते, त्यामुळे कुणाला अडवत नाही. पण डिस्क वाचून वाचून घामाघूम होते आणि टेम्पडीबी ही सर्व्हरची तात्पुरत्या कामाची जागाही वापरते, म्हणून दिवसा नको. माझी पद्धत अशी : दुसऱ्या एका मशीनवर रात्रीचा बॅकअप रिस्टोअर करायचा आणि तपासणी तिथे चालवायची. मुख्य सर्व्हरवर ताण शून्य, आणि बॅकअप खरोखर उघडतो की नाही हेही दर आठवड्याला कळतं. दुसरं मशीन नसेल तर आठवड्यातून एकदा फक्त 'फिजिकल ओन्ली' (पानांची वरवरची तपासणी) आणि महिन्यातून एकदा पूर्ण. हे काम कुठल्याही कारणाने बंद करू नका. डेटा खराब झाल्याचं तीन महिन्यांनी कळलं, तर तोवर जपून ठेवलेले सगळे बॅकअपही खराबच असतात.

श्रिंक. हे काढून टाका. आजच. श्रिंक फाइलच्या शेवटची पानं उचलून सुरुवातीच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवतं, आणि त्यात इंडेक्सचा क्रम पार उलटापालटा होतो. म्हणजे तुमचा सर्व्हर रविवारी रात्रभर इंडेक्स सरळ करतो आणि पहाटे स्वतःच विस्कटतो. पुढच्या आठवड्यात फाइल पुन्हा वाढते, त्या वाढण्याचाही त्रास काउंटरलाच. कधीतरी एकदाच, जुना डेटा कायमचा काढून टाकल्यावर, श्रिंक करायला हरकत नाही. आठवड्याच्या प्लॅनमध्ये त्याला जागा नाही.

स्टॅटिस्टिक्स. इथे जरा थांबतो, कारण रिबिल्डचं बरंचसं श्रेय खरं तर याचं असतं. कुठल्या खात्याच्या साधारण किती नोंदी आहेत, कुठल्या तारखेला किती, याचा सर्व्हरने ठेवलेला अंदाज म्हणजे स्टॅटिस्टिक्स. तो जुना झाला की सर्व्हर चुकीच्या वाटेने शोधायला जातो आणि दोन सेकंदांचा खातेउतारा दोन मिनिटं घेतो. रिबिल्ड केलं की त्या इंडेक्सची स्टॅटिस्टिक्स पूर्ण टेबल वाचून नवीन होतात. लोक म्हणतात, 'रिबिल्ड केल्यावर सिस्टिम पळायला लागली.' पुष्कळ वेळा ती पळते ती ताज्या अंदाजामुळे. आणि स्टॅटिस्टिक्स नवीन करायला टेबल बंद ठेवावं लागत नाही. तुमच्या १०-१५ मोठ्या टेबलांची स्टॅटिस्टिक्स रोज पहाटे नवीन करा. माझ्याकडे दोन संस्थांत एवढ्यावरच 'सोमवारी सिस्टिम स्लो' ही तक्रार थांबली, इंडेक्सला हातही लावला नव्हता. तुमच्या प्लॅनमधली आणखी एक गोष्ट : रिबिल्डनंतर पुन्हा सगळ्यांची स्टॅटिस्टिक्स नमुना घेऊन केली, तर पूर्ण वाचून केलेला चांगला अंदाज पुसून त्याच्या जागी कच्चा बसतो. रिबिल्ड झालेल्या इंडेक्सला त्या रात्री पुन्हा शिवू नका.

राहिलं इंडेक्सचं काम. सगळे इंडेक्स दर आठवड्याला रिबिल्ड करायची गरज नसते. ५ टक्के विस्कटला असेल तर रीऑर्गनाइझ (नव्याने न बांधता आहे तिथेच क्रम लावणं), ३० टक्क्यांच्या वर गेला तर रिबिल्ड, हे आकडे तुम्ही वाचले असतील. ते आकडे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांसाठी देणाऱ्या पॉल रँडल यांनी स्वतःच नंतर सांगितलं आहे की लोकांना सुरुवात करायला काहीतरी आकडा हवा होता म्हणून ते दिले. म्हणजे ते देवाचे शब्द नव्हेत. १,००० पानांपेक्षा लहान इंडेक्सकडे बघायचंच नाही. आणि डिस्क एसएसडी असेल तर विस्कटण्याचा फटका जुन्या फिरत्या डिस्कइतका बसत नाही. तिथे मी ३० टक्क्यांवर घाबरत नाही. तुमची डिस्क कुठली यावर हे बरंच अवलंबून आहे, तेवढं आधी बघा. एका संस्थेत चारशेच्या वर इंडेक्स होते आणि सगळ्यांचं रिबिल्ड चालायचं. मोजल्यावर कामाचे वीस-बावीसच निघाले. बहुतेक ते खाते क्रमांकावर बांधलेले, कारण नवीन व्हाऊचर खात्यानुसार मधे मधे घुसतं. नुसत्या चढत्या अनुक्रमांकावर बांधलेला इंडेक्स फारसा विस्कटत नाही.

या वीस-बावीसांसाठी माझी पहिली पसंती रीऑर्गनाइझला. ते थोड्या थोड्या पानांना क्षणभर धरतं आणि सोडतं, लोकांचं काम चालू राहतं. हळू आहे, मान्य. पण मधेच थांबवलं तर झालेलं काम टिकतं, उद्या तिथून पुढे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात लाईटचा भरवसा नसतो. यूपीएस अर्ध्या तासाचा आणि रिबिल्ड दोन तासांचं, हे गणित खानापूर बाजूच्या एका शाखेच्या सर्व्हरवर मी भोगलं आहे. सर्व्हर परत उठला, पण अर्धवट काम मागे घेईपर्यंत टेबल उघडेना. पावसाळ्यात मी मोठं रिबिल्ड लावतच नाही. फक्त लक्षात ठेवा, रीऑर्गनाइझ स्टॅटिस्टिक्स नवीन करत नाही, ती वेगळी करावी लागतात.

इथवरचा हिशेब असा : श्रिंक गेलं. बॅकअप, स्टॅटिस्टिक्स आणि रीऑर्गनाइझ यांना टेबल बंद ठेवावं लागत नाही. तपासणी दुसऱ्या मशीनवर गेली. खरी बंद वेळ लागते ती फक्त मोजक्या मोठ्या इंडेक्सच्या रिबिल्डला, आणि तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा. ९० जीबीचा प्रश्न आता चार-पाच इंडेक्सवर आला.

त्यासाठी एका रात्री एकच टेबल घ्या. किती वेळ लागेल त्याचा अंदाज करत बसू नका; रिस्टोअर केलेल्या प्रतीवर एकदा चालवून घड्याळ लावा आणि त्याच्या दुप्पट वेळ मोकळी धरा. व्हाऊचरच्या इंडेक्सला प्रतीवर ४० मिनिटं लागली तर तुम्हाला ८० मिनिटं रिकामी हवीत. तुमच्या १६८ चौकोनांत दिवसअखेर संपल्यानंतर, साधारण १:३० ते ४ मध्ये, ती सापडतील.

ओला हॅलेनग्रेन यांच्या मेंटेनन्स स्क्रिप्ट फुकट मिळतात आणि जगभर वापरल्या जातात. विझार्डने केलेल्या प्लॅनपेक्षा त्या वापरा. कुठला इंडेक्स किती विस्कटला ते बघून काम करतात आणि प्रत्येक कामाची सुरुवात-शेवट एका टेबलात लिहून ठेवतात. त्यात वेळमर्यादा देता येते, सेकंदांत. पण नीट समजून घ्या : ती मर्यादा संपली की नवीन काम सुरू होत नाही, चालू असलेलं काम मात्र थांबत नाही. ४ ची मर्यादा असेल आणि ३:५८ ला मोठ्या इंडेक्सचं रिबिल्ड सुरू झालं तर ते पूर्ण होऊनच थांबणार. म्हणून मोठी टेबलं त्या रोजच्या जॉबमधून वगळून वेगळी ठेवायची.

दुसरी गोष्ट, लॉकसाठी थांबण्याची मर्यादा. ही बहुतेक जण लावत नाहीत आणि मग कोडं पडतं की रिबिल्ड सुरूही झालं नाही तरी सगळं अडकलं कसं. समजा कुणीतरी वर्षाचा लेजर काढायला लावून झोपायला गेलं. तुमचं रिबिल्ड त्या रिपोर्टच्या मागे उभं राहतं, कारण त्याला टेबल पूर्ण मोकळं हवं. आता त्याच्या मागे येणारं प्रत्येक छोटं काम, अगदी शिल्लक बघणंसुद्धा, रिबिल्डच्या मागे उभं राहतं. काट्यावर मोठा ट्रक आडवा वळवायला थांबला की मागच्या बैलगाडीलाही जागा उरत नाही, तसं. म्हणून आपल्या जॉबला सांगायचं की ६० सेकंदांत टेबल मिळालं नाही तर निघून जा, उद्या ये. ही एक ओळ मला सगळ्यात जास्त रात्री शांत झोप देते.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात : साधं व्हॅक्यूम (जुन्या, निकामी नोंदींची सफाई) कुणाला अडवत नाही, व्हॅक्यूम फुल टेबल पूर्ण बंद करतं, या दोघांत गल्लत नको. आवृत्ती १२ पासून रीइंडेक्स 'कॉनकरंटली' (लोकांचं काम चालू असताना) करता येतं, तेच वापरा. ऑटोव्हॅक्यूम 'त्रास देतं' म्हणून बंद करू नका; मोठ्या टेबलांसाठी ते अधिक वेळा आणि थोडं थोडं चालेल असं लावा. लॉकची मर्यादा तिथेही हवीच, कारण रांग तशीच लागते.

तुमच्यासाठी मी लावलं असतं ते असं. रोज रात्री दिवसअखेर संपली की तिच्याच शेवटच्या पायरीने बॅकअपचा जॉब सुरू करायचा, घड्याळाने नाही. म्हणजे दिवसअखेर लांबली तर पुढचं सगळं आपोआप मागे सरकतं, एकमेकांवर आदळत नाही. मग रीऑर्गनाइझ ४:३० पर्यंत, जेवढं होईल तेवढं. ४:३० ला वेगळा जॉब ते थांबवतो. ४:३० ते ५:३० मोठ्या टेबलांची स्टॅटिस्टिक्स. मोठं रिबिल्ड मंगळवारी किंवा बुधवारी रात्री. रविवारी नको, कारण रविवारी काही बिघडलं तर सोमवारच्या गर्दीआधी सावरायला कुणी जागेवर नसतं. ५:३० नंतर काही नाही. शाखा १० ला उघडते, म्हणजे साडेचार तास हाताशी राहतात. त्यात बिघडलेलं निस्तरता येतं, शाखाधिकाऱ्यांना फोन करता येतो.

रिबिल्डच्या दोन दिवस आधी शाखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाका, मराठी आणि कन्नड दोन्हीत. 'सर्व्हर मेंटेनन्स' असं लिहिलं तर कुणी वाचत नाही. 'बुधवारी रात्री १:३० ते ३ पिग्मीचा डेटा पाठवला तर जाणार नाही, त्याआधी किंवा सकाळी पाठवा' असं लिहा. एजंटाला काय करता येणार नाही आणि मग काय करायचं, एवढंच त्याला हवं असतं. सोबत तुमचा फोन नंबर.

मॅनेजरांचं 'बंदच करा' हे मी चूक म्हणणार नाही. सोमवारी १० वाजता खिडकीसमोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला उत्तर तेच देतात. त्यांच्याशी इंडेक्सची भाषा बोलू नका. तो १६८ चौकोनांचा कागद न्या आणि दोनच गोष्टी मागा : श्रिंक आणि रविवारचा प्लॅन आज बंद करायची परवानगी, आणि बॅकअपची तपासणी चालवायला एक जुनं मशीन.

नवीन वेळापत्रक लावल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सर्व्हर रूममध्ये बसू नका. सगळ्यात गर्दीच्या शाखेत साडेनऊला जा, कॅशियरच्या शेजारी खुर्ची घ्या आणि पहिली दहा व्हाऊचरं किती सेकंदांत पास होतात ते लिहून घ्या. तो आकडा आणि त्या रात्रीची जॉबची नोंद एकत्र बघितली की दुसऱ्या सोमवारसाठी काय हलवायचं ते दिसेल.